क्रिब नंतर बघा, आधी पलंग मोजा

प्रश्न थोडक्यात असा. पहिलं बाळंतपण, ३३ वा आठवडा चालू. डिलिव्हरी साताऱ्याला माहेरी, सव्वा महिना झाला की हडपसरच्या फ्लॅटवर परत. तिथला पलंग स्टोरेजचा, हायड्रॉलिक. सासूबाईंकडे घरातला जुना लाकडी पाळणा आहे. आई म्हणते, झोळीसारखी झोप बाळाला कशातच लागत नाही. आणि नवऱ्यानं चौदा हजारांचं एक बेडसाइड क्रिब ऑनलाइन निवडून ठेवलंय, कारण त्यात बाळाच्या डोक्याकडची बाजू वर उचलता येते, 'दूध वर येणाऱ्या बाळांसाठी'. घ्यावं का? घ्यायचं तर हेच घ्यावं का?

घ्या. वस्तू चांगली आहे. पण हेच घ्यायचं का, याचं उत्तर क्रिबच्या फोटोत नाही, तुमच्या पलंगात आहे. नवजात बाळांच्या विभागात माझी बावीस वर्षं गेली. डिस्चार्जच्या दिवशी "बाळाला झोपवणार कुठे?" हे मी सवयीनंच विचारते. पूर्वी ठरलेलं उत्तर यायचं, "आमच्याजवळच की." आता बरेच जण मोबाइल पुढे करून क्रिबचा फोटो दाखवतात. फोटोत क्रिबला लागून एक पांढराशुभ्र पलंग असतो, चार पायांवर उभा, खालून मोकळा. तसला पलंग आपल्याकडे किती घरांत आहे, सांगा बरं. आपल्याकडे पलंगाखालची जागा म्हणजे लग्नातली पातेली, पाहुण्यांच्या गाद्या आणि दिवाळीची माळ.

बेडसाइड क्रिबची कल्पना साधी आहे. छोटी खाट म्हणा, तिची एक बाजू चेननं खाली उतरते, आणि ती बाजू आईच्या पलंगाला पट्ट्यांनी घट्ट बांधायची. बाळ हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या सपाट, कडक गादीवर. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं २०२२ मध्ये सुधारून काढलेल्या सूचनांमध्येही हेच आहे: निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या जागी झोपावं. यातला पहिला अर्धा भाग आपल्याला कुणी शिकवायला नको, तान्हं बाळ दुसऱ्या खोलीत ठेवायचा विचारही आपल्या घरात कुणी करत नाही. अडतं ते दुसऱ्या अर्ध्यावर.

आता तुमचा पलंग. बऱ्याच बेडसाइड क्रिबचे पाय पलंगाच्या बाजूला पुढे आलेले असतात आणि ते पलंगाच्या खाली सरकवायचे असतात. त्यामुळेच क्रिब पलंगाला चिकटतं आणि कलंडतही नाही. तुमचा स्टोरेजचा पलंग म्हणजे जमिनीपर्यंत प्लायवूडची भिंत. पाय त्या फळीला आपटतात आणि क्रिब तिथेच थांबतं. पलंगाची गादी आणि क्रिब यांच्यामध्ये जितका पाय पुढे आलेला, तितकी फट. त्यातून काही पलंगांना गादीभोवती लाकडी कड असते, गादी आत बसलेली. मग क्रिब गादीला नाही, त्या कडेला टेकतं, आणि कडेच्या जाडीएवढी फट उरतेच. नवजात बाळाचं डोकं सोडा, नुसता चेहरा त्या फटीत गेला तरी बाळाला तो फिरवून बाहेर काढता येत नाही. मानेत तेवढी ताकदच नसते.

म्हणून तुमच्या पलंगासाठी एकतर पलंगाकडचे पाय आत दुमडता येणारं किंवा सरळ, सपाट पायांचं क्रिब शोधा. उत्पादनाच्या पानावर 'सर्व पलंगांना चालते' असं लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. माहितीपत्रकातलं पायांचं चित्र बघा. नाही मिळालं, तर विक्रेत्याला बाजूनं काढलेला फोटो मागा.

माझ्या भाचीकडे पिंपरीला हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. क्रिब आधीच आणून बांधून ठेवलेलं होतं, दिसायला अगदी चिकटून, बोट जायला जागा नाही. मी तिला तीन किलो तांदूळ मागितले. आपल्याकडच्या बाळाचं वजन साधारण पावणेतीन-तीन किलोच असतं. तांदूळ पिशवीत भरले, पिशवी टॉवेलात गुंडाळून बाळासारखी क्रिबमध्ये ठेवली आणि भाचीला म्हटलं, आता रात्री बसशील तशी पलंगाच्या कडेवर बस. ती बसली. गादीची कड तिच्या वजनानं खाली दबली, क्रिब टाइल्सवरून इंचभर मागे सरकलं, आणि मध्ये माझी चार बोटं सहज गेली. ती उठली की फट पुन्हा गायब. जावईबापू बघतच राहिले, कारण त्यांनी स्वतः क्रिब हलवून-हलवून तपासलं होतं, पण पलंग रिकामा असताना.

तेव्हा तुम्हीही तपासाल तेव्हा पलंगावर माणूस बसलेला पाहिजे, झोपून कुशीवर वळलेला पाहिजे, आणि चाकं असतील तर ती लॉक केलेली. आपल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर क्रिब पट्ट्यांशिवाय जागेवर राहत नाही. पट्टे पलंगाच्या पलीकडच्या बाजूला अडकवायचे असतात, नुसते गादीखाली खोचायचे नाहीत. हायड्रॉलिक पलंगात आणखी एक गोम आहे. गोधडी काढायला म्हणून कुणी पलंग उचलला की पट्टा ढिला होतो, आणि ज्यानं उचलला त्याला ते माहीतही नसतं. सव्वा महिन्यानंतर घरी जाताना लागणारं सगळं आधीच बाहेर काढा आणि मग पलंग काही महिने बंदच ठेवा.

उंचीही मोजा. जमिनीपासून तुमच्या गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत टेप लावा, कुणीतरी पलंगावर बसलेलं असताना. क्रिबची उतरवलेली बाजू अगदी सपाट होत नाही. बऱ्यापैकी क्रिबला तिथे थोडी उंच कड राहते, आणि राहायलाच हवी. ती कड आणि तुमची गादी एका पातळीत यावी, बाळाची गादी त्या कडेच्या चार बोटं तरी खाली. बाळाची गादी वर आणि तुमची खाली असेल तर बाळ तुमच्याकडे घरंगळतं. उलट असेल तर तुमची उशी, पांघरूण, कधी तुमचा हात त्याच्यावर घसरतो. उंचीचे टप्पे पाच-सात असतात, पण पावणेदोन-दोन फुटी स्टोरेज बेडवर आठ इंची गादी टाकलेली असेल तर क्रिबचा सगळ्यात वरचा टप्पाही कमी पडतो. खोक्यावर दिलेली कमाल उंची तुमच्या आकड्याशी ताडून बघा.

आणि समजा काहीच जमलं नाही, फट राहतेच आहे. तर क्रिबची चौथी बाजू वर करून चेन लावा आणि ते पलंगाशेजारी हातभर अंतरावर सुटं उभं करा. सुरक्षितता तीच. फक्त बाळाला उचलताना कडेवरून उचलावं लागेल. फट बुजवायला मात्र टॉवेलची गुंडाळी, लोड, फोमची पट्टी असलं काही कोंबू नका. हा उपाय सगळ्यांनाच सुचतो. पण ती गुंडाळी रात्री सैल होते आणि बाळाच्या तोंडाशी येते.

एक गोष्ट तुम्ही प्रश्नातच लिहिली आहे, पण कदाचित तिच्याकडे तुमचं लक्ष गेलं नसेल. बाळ पहिले चाळीसेक दिवस साताऱ्याला असणार. बेडसाइड क्रिबचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो नेमका याच दिवसांत, जेव्हा चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं असतं आणि तुम्हाला वाकून उठायला होत नाही. क्रिब हडपसरला पोचवलं तर ते तिथे रिकामं उभं राहील आणि बाळ साताऱ्यात झोळीत. म्हणून घडी होणारं, पिशवीत मावणारं घ्या आणि ते थेट माहेरी मागवा. गंमत म्हणजे माहेरी जर जुनी लोखंडी कॉट असेल तर ती तुमच्या हायड्रॉलिक पलंगापेक्षा या कामाला कितीतरी सरस. खालून मोकळी, चौकट भक्कम, पट्टा गुंडाळायला पाहिजे तिथे दांडा. फक्त कापसाची गादी कडेला गोल झालेली आणि मध्ये बसलेली असते, तिथे गोलाईमुळे फट पडते. ती गादी पिंजून घ्या, नाहीतर बाळंतपणापुरती कडक कॉयरची टाका. तुमच्या कंबरेलाही तीच बरी.

आई जमिनीवर गादी घालून झोपवणार असेल, तर मात्र क्रिब साताऱ्याला नको. पातळ, कडक, सपाट अशी बाळाची वेगळी गादी तुमच्या शेजारी चटईवर घाला. ओल, मुंग्या आणि घरातली मांजर एवढं सांभाळा.

आता नवऱ्याच्या आवडत्या सोयीबद्दल, डोक्याकडची बाजू वर करण्याबद्दल. ती वापरू नका. त्या सोयीचे पैसे द्यावे लागत असतील तर दुसरं क्रिब बघा. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं, जवळजवळ पाव भाग लांबी डोक्याचीच, आणि श्वासनलिका मऊ. उतारावर झोपवलं की बाळ हळूहळू खाली सरकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. रडायचा आवाजही येत नाही, बाळ शांत झोपल्यासारखंच दिसतं. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीनं तिरपं झोपवायचे सुमारे ४७ लाख पाळणे एप्रिल २०१९ मध्ये बाजारातून परत घेतले. तोवर त्यात ३० हून अधिक बाळं दगावल्याची नोंद झाली होती. २०२२ मध्ये तिथे कायदाच झाला: बाळाच्या झोपण्याची कोणतीही वस्तू १० अंशांपेक्षा जास्त तिरपी विकता येणार नाही, आणि पाळण्याच्या कडेला बांधायच्या मऊ गाद्याही विकता येणार नाहीत. ८० सेंटिमीटर लांबीच्या क्रिबमध्ये १० अंश म्हणजे एक टोक सुमारे १४ सेंटिमीटर वर. पाच टप्पे चढवले की हे अंतर कधी पार होईल कळणारही नाही. आणि १० अंश ही विक्रीची मर्यादा आहे, कुणी सुचवलेला उतार नाही. झोपायची जागा सपाटच हवी. काही क्रिबना चढ द्यायला डोक्याकडच्या आणि पायथ्याकडच्या पायांची उंची वेगळी ठेवता येते. जोडताना चुकूनही दोन्हीकडचे टप्पे वेगळे झाले नाहीत ना, हे मोजून बघा. वर पाण्याची बाटली आडवी ठेवली की लगेच कळतं.

दूध वर येण्याची भीती आजीला असते आणि ती खोटी नाही, बाळं ओकतातच. त्यावर उपाय म्हणजे पाजल्यावर वीसेक मिनिटं खांद्यावर उभं धरणं, ढेकर काढणं. मग उताणं झोपवायचं. "उताणं झोपवलं की दूध श्वासात जातं" हे मी रोज ऐकते. म्हणून ओपीडीत मी दोन स्ट्रॉ घेऊन बसते. श्वासनलिका पुढे असते, अन्ननलिका तिच्या मागे, पाठीच्या कण्याकडे. बाळ उताणं असलं की श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध खालच्या नळीतच साचतं. श्वासनलिकेत जायचं तर त्याला चढ चढावा लागेल. बाळ पालथं केलं की दोन्ही नळ्या उलट्या होतात, आणि आता दूध वरून खाली श्वासनलिकेच्या तोंडावर. आजीला हे स्ट्रॉ हातात देऊन दाखवलं की तिला पटतं. नुसतं सांगून पटत नाही. कुशीवरही नको, कारण कुशीवरचं बाळ पालथं पडायला वेळ लागत नाही. ब्रिटननं १९९१ मध्ये आणि अमेरिकेनं १९९४ मध्ये 'बाळाला उताणं झोपवा' अशी मोहीम काढली, तेव्हापासून तिथले झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

झोळीचंही याच हिशेबानं बघा. सुती लुगड्याची झोळी बाळाला धनुष्यासारखं वाकवते, हनुवटी थेट छातीवर. बाळ लगेच शांत होतं हे खरं आहे, पोटात असतानाची तीच अवस्था. आईला मी चुकीची ठरवत नाही. तिनं तुम्हाला झोळीतच वाढवलं असेल आणि तुम्ही आज मला प्रश्न विचारताय. पण तेव्हा झोळीशेजारी सतत कुणीतरी माणूस असायचं. रात्री दोन वाजता सगळं घर झोपलेलं असताना झोळी नको. दिवसाही बाळ झोपलं की काढून सपाट जागी ठेवायचं. शिवाय घरात भावाबहिणींची तीन-चार वर्षांची मुलं असतील तर झोळी मुळीच बांधू नका. रिकाम्या झोळीत शिरून, पीळ घालून खेळताना गळ्याला फास बसल्याच्या घटना आपल्या देशात झालेल्या आहेत.

सासूबाईंचा पाळणा मात्र टाकून देऊ नका. बाराव्या दिवशी 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणायला तो लागणारच, आणि दुपारी तुम्ही शेजारी बसलेल्या असताना बाळ त्यात खुशाल झोपवा. फक्त तीन गोष्टी तपासा. गजांमधली फट सहा सेंटिमीटरहून जास्त नको. शीतपेयाचा साधा कॅन त्यातून आरपार जात असेल तर फट जास्त आहे. तळाला जाड गोधडी चार घड्या करून घालतात, ती मध्ये खोलगट होते. त्याऐवजी तळाच्या मापाची कडक, पातळ गादी शिवून घ्या. आणि कड्या, साखळ्या, लाकडाची भोकं. वीस-तीस वर्षं माळ्यावर पडलेल्या पाळण्याच्या कड्या झिजलेल्या असतात. त्याच तांदळाच्या पिशवीऐवजी दहा किलोचं पोतं ठेवून हलवून बघा. चिमणाळं बांधायचं तर उंच, बाळाच्या हाताला न लागेल असं, आणि त्याची दोरी आखूड.

क्रिबमध्ये काय घालायचं? जवळजवळ काहीच नाही. इथे घराघरात माझा वाद होतो, कारण बारशाला सात जणांकडून सात गादीसेट येतात: मऊमऊ गादी, दोन लोड, एक उशी, वर छत्रीची मच्छरदाणी. दिसतात गोजिरवाणे. ते बाळ जागं असताना फोटोला वापरा. झोपेसाठी क्रिबसोबत आलेली गादी, तिच्यावर मेणकापड घट्ट बसवलेलं, वर जुन्या सुती साडीची चादर खाली चारी बाजूंनी खोचलेली, बस्स. क्रिबची गादी हाताला कडक लागली म्हणून वर दुसरी मऊ गादी टाकू नका. तळहात दाबून उचलला की खड्डा उरत नाही, अशीच गादी चांगली. जाड गादी टाकली की कडेची उंचीही तेवढी कमी होते. गादी आणि क्रिबची भिंत यांच्यामध्ये दोन बोटांहून जास्त जागा नको.

मोहरीची उशी डोकं गोल व्हावं म्हणून देतात. डोक्याचा आकार बदलायला ती लागत नाही. एका दिवशी बाळाचं डोकं क्रिबच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवा. बाळ तुमच्याकडेच बघतं, त्यामुळे मान आपोआप आलटून-पालटून वळते. दिवसा जागं असताना तुमच्या छातीवर किंवा चटईवर पालथं घाला. झोपताना टोपडं काढा, त्याच्या नाड्या गळ्याशीच येतात, आणि बाळाची बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. अंगावर दुपट्याची घट्ट गुंडाळी चालेल, पण पाय आत मोकळे हलले पाहिजेत, नाहीतर खुब्यावर ताण येतो. बाळ कुशीवर वळायच्या खटपटीला लागलं की, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांत, गुंडाळणं बंद. गळ्यातला काळा दोरा, ताईत रात्री काढून ठेवा. आजीला वाईट वाटलं तर पायात बांधा, हरकत नाही. ऊब किती हवी ते हातपाय चाचपून कळत नाही, ते थंडच असतात. मानेमागे हात लावा. घाम असेल तर एक थर कमी. आणि शेक-शेगडीची धुरी बाळ झोपायच्या खोलीत नको. ओवा असो, वेखंड असो, धूर तो धूरच.

डास साताऱ्यालाही आहेत, हडपसरला तर कॅनॉलच्या कृपेनं विशेष. मच्छरदाणी क्रिबच्या बाहेरून, ताणून, पूर्ण पलंगावर टाकलेली उत्तम. क्रिबच्या आत सैल लोंबणारी जाळी बाळाच्या हातात आणि मग तोंडात येते.

मोजायचं आणखी एक राहिलं, ते म्हणजे तुम्ही पलंगावरून उतरणार कुठून. क्रिब लावलं की तुमची बाजू बंद होते. पुण्याच्या दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये पलंगाची दुसरी बाजू भिंतीला असते. मग तुम्ही नवरा आणि क्रिब यांच्यामध्ये अडकलात, उतरायला पायथ्यापर्यंत घसरत जायचं. नॉर्मल झालं तर जमेल. सिझेरियन झालं तर टाक्यांवर ते पहिले दहा दिवस नकोसं होतं, आणि देशात पाचातलं एक बाळंतपण आता सिझेरियन असतं: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत २१.५ टक्के. उपाय सोपा आहे. क्रिब पलंगाच्या मधोमध नाही, उशाकडे सरकवून लावा. पलंग साडेसहा फुटी, क्रिब तीन फुटांच्या आसपास. खालच्या अर्ध्यातून पाय सोडून कुशीवरून उठता येतं. कपाटाचं दार उघडतंय ना, तेही त्याच वेळी बघा. क्रिबवर खिडकी, पडद्याची दोरी, एसीचा थेट झोत, भिंतीवरची फोटोफ्रेम यातलं काही येऊ देऊ नका.

इतकं करूनही तुम्ही कधीतरी पाजता-पाजता झोपणारच. सगळ्याच आया झोपतात. जाग येईल तेव्हा बाळाला क्रिबमध्ये सरकवा, मनाला लावून घेऊ नका. पण सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजत असताना डोळा लागेलसं वाटलं तर उठून पलंगावर या. कुशनच्या खाचेत बाळ अडकण्याचा धोका पलंगापेक्षा कितीतरी मोठा. बाळ सदतिसाव्या आठवड्याच्या आधी जन्मलं, अडीच किलोच्या आत असलं, घरात कुणी सिगरेट ओढत असेल, किंवा तुम्ही अथवा नवरा गुंगीचं औषध घेत असाल, दारू घेतलेली असेल, तर तुमच्या गादीवर बाळाला झोपू देऊ नका. कांगारू पद्धतीनं जागेपणी छातीशी धरणं वेगळं. न्यूझीलंडच्या माओरी लोकांतही आपल्यासारखीच बाळ कुशीत घ्यायची रीत. तिथे ती मोडायच्या फंदात न पडता हाराकेके नावाच्या झुडपाच्या पातींची सपाट टोपली विणली, वहाकुरा म्हणतात तिला. टोपली आईच्याच पलंगावर, बाळ टोपलीत. मला ही युक्ती फार आवडते. बेडसाइड क्रिब त्याच युक्तीचं महागडं भावंड आहे.

महागडंवरून आठवलं. चौदा हजार जास्त आहेत, कारण वापर चार-पाच महिन्यांचाच. बहुतेक क्रिबची मर्यादा नऊ किलो लिहिलेली असते, पण त्या आकड्याची वाट बघू नका. बाळ स्वतःहून पालथं पडायला लागलं किंवा हातांवर छाती उचलू लागलं की, मग तो चौथा महिना असो की सहावा, उतरवलेली बाजू त्याच्यासाठी पायरी होते. त्या दिवसापासून क्रिब बंद. त्यामुळे चुलत-मावस बहिणीकडचं वापरलेलं किंवा भाड्याचं घेण्यात कमीपणा नाही. फिनलंडचं सरकार १९३८ पासून गरोदर बायकांना बाळंतविड्याचं खोकं देतं, १९४९ पासून सगळ्यांनाच, आणि कित्येक बाळांची पहिली झोप त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच झाली आहे. सपाट तळ आणि कडक गादी, एवढंच तर लागतं. जुनं घेताना जाळी कुठे उसवली आहे का, चेन मधेच सुटते का, तळाची फळी मध्ये वाकली आहे का, दोन्ही पट्टे आणि जोडणीचं माहितीपत्रक सोबत आहे का, हे बघा. पट्टे हरवलेलं क्रिब मी फुकटही घेणार नाही.

तर तुमच्यासाठी: घडीचं, आत दुमडणाऱ्या पायांचं, तिरपं न होणारं, चारी बाजूंना जाळी असलेलं. मागवायचं साताऱ्याच्या पत्त्यावर, छत्तिसाव्या आठवड्याच्या आत, म्हणजे जोडून दोन-तीन दिवस खिडकीपाशी ठेवता येईल आणि नव्या गादीचा वास जाईल. मग कॉटवर तुम्ही बसा, पिशवी क्रिबमध्ये ठेवा आणि आईला फटीत बोटं घालून बघायला सांगा. तीच पिशवी घेऊन नवऱ्याला हडपसरच्या पलंगावर हेच एकदा करू द्या, परत जायच्या आदल्या आठवड्यात. तांदूळ त्यानंतरच डब्यात.